आभाळ गिऱ्हाइकाचं

बत्तीकाकांनी उभ्या आयुष्यात आभाळात किती गोळे उडवले याची मोजदाद नाही. त्यांतला एकही फुलताना त्यांनी पाहिला नव्हता, हे मात्र नक्की. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. आचारी उपाशी झोपला हे पटतं, शिंप्याच्या सदऱ्याला गुंडी नसते हेही पटतं. पण ज्याच्या हुकमाने रोज संध्याकाळी आभाळ उजळतं त्याने ते कधी पाहिलंच नाही, हे कसं पटावं?

कारण कामातच होतं. करमणूक पार्कच्या मधोमध एक तळं होतं आणि तळ्याच्या मधोमध एक बेट. बेट हा शब्द पार्कच्या नकाशातला. प्रत्यक्षात ती वाळूची पोती आणि लोखंडी नळ्या यांची चौकोनी अडगळ होती; प्रेक्षकांना दिसू नये म्हणून पुढून प्लास्टिकचे खडक लावलेले. नळ्या वाळूत उभ्या पुरलेल्या. प्रत्येक नळीच्या तळाशी काळी दारू, दारूवर गोळा. खालची दारू पेटली की गोळा वर जायचा आणि वर गेल्यावर फुलायचा. त्या वेळी खालची माणसं पोत्यांच्या भिंतीआड उकिडवी बसलेली असत. तोंड उघडं, कारण मिटलं तर कानाचा पडदा जास्त हादरतो; हनुवटी छातीला टेकलेली; नजर नळ्यांवर. कुठली नळी कलली, कुठलं पोतं धुमसायला लागलं, ठिणगी कुठे पडली, सगळं लक्ष खाली. वर बघायला हजारो माणसं तिकीट काढून बसलेली असतातच, त्यात आणखी एकाची भर कशाला?

"आभाळ गिऱ्हाइकाचं, जमीन आपली," असं उस्ताद म्हणत. उस्ताद म्हणजे ज्यांनी बत्तीकाकांना हाताखाली घेतलं ते म्हातारे. त्या काळी बत्तीकाका पार्कमधली बाकं रंगवत असत. उस्तादांची माणूस निवडायची रीत साधी होती. उमेदवार पाठमोरा उभा असताना मागे लोखंडी परात आपटायची. दचकला तो घरी. बाकं रंगवणारा हा तरुण अजिबात दचकला नाही. "याचं काळीज दगडाचं आहे," उस्ताद खूश होऊन म्हणाले. काळजाचा काही संबंध नव्हता. कपडेपटाच्या पायऱ्यांवर एक मुलगी अस्वलाचं डोकं उन्हात वाळवत बसली होती आणि तरुणाचं लक्ष तिकडे होतं. पुढे ती मुलगीच काकू झाली, तेव्हा उस्तादांची निवड एकंदरीत योग्यच ठरली म्हणायची.

लग्न ठरताना थोडा घोळ झाला होता. मुलगा दारूच्या धंद्यात आहे, एवढंच कोणीतरी मुलीच्या वडिलांच्या कानावर घातलं होतं. शोभेची दारू आहे हे कळल्यावर ते निवले, पण पुरते नाही. "प्यायच्या दारूत निदान माणूस घरी तरी पडून असतो," असं ते मरेपर्यंत म्हणत राहिले.

बेटावरचं खरं काम कानाचं होतं. कानाचं आणि बरगड्यांचं. गोळा नळीतून निघाला की 'ढप्प' असा दणका बसायचा, जमिनीतून पायात आणि पायातून छातीत. दर गोळ्याला एक ढप्प. बत्तीकाका बत्ती द्यायचे, पुढे तारा आल्या तेव्हा बटण दाबायचे, आणि ढप्प आला की पुढच्या नळीकडे वळायचे. ढप्प आला नाही तर गोळा 'रुसला'. तो नळीतच बसलाय आणि कधी उठेल याचा नेम नाही. मग बत्तीकाकांनी ओरडायचं, "रुसला!" त्या एका शब्दावर सगळी माणसं होती तिथे आडवी होत, बटणावरचे हात निघत आणि बराच वेळ कोणी कोणाकडे सरकत नसे. रुसलेल्याची समजूत काढायला लगेच जायचं नाही, हा उस्तादांचा दुसरा नियम. तो ते संसारालाही लावत आणि तिथे त्याची उपयुक्तता बेटापेक्षा जास्त आहे असं त्यांचं मत होतं.

वरचं सगळं बत्तीकाकांना कळायचं ते जेवताना. काकू कपडेपटात होत्या. मिरवणुकीतली अस्वलं, ससे, परीराण्या यांचे पोशाख धुणं, शिवणं, त्यांच्या फाटलेल्या शेपट्या जोडणं हे त्यांचं काम. काम संपवून त्या रोज मागच्या पायऱ्यांवर बसून आतषबाजी बघत आणि घरी येऊन नवऱ्याला सांगत. त्यांची भाषा शिवणकामाची.

"तिसरा जांभळा होता ना, तो फिका निघाला. दहा वेळा धुतलेल्या अस्तरासारखा."

"आणि सोनेरी?"

"सोनेरी काय विचारताय! वरून झालर उसवत यावी तसा खाली आला. पार पाण्याला टेकला. माझ्या शेजारचा तो आइसक्रीमवाला उठून उभा राहिला."

"हिरव्यांचं काय?"

"हिरवे दोन एकदम फुटले. टाका चुकला तुमचा."

बत्तीकाका मान हलवत आणि दुसऱ्या दिवशी हिरव्यांमधलं अंतर वाढवत. त्यांनी मांडलेलं आभाळ असं रोज त्यांच्या ताटाशी यायचं, कानावाटे. इतक्या वर्षांत काकूंनी एकही संध्याकाळ चुकवली नाही. ताप असला तरी शाल गुंडाळून पायऱ्यांवर बसत. याबद्दल बत्तीकाकांनी त्यांचे कधी आभार मानले नव्हते. बायकोचे आभार मानायचे असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं आणि उस्तादांच्या नियमांतही ते नव्हतं.

मग डावा कान गेला. एकदम नाही गेला. पाहुण्यासारखा, उठतो-उठतो म्हणत बराच वेळ दारात उभा राहून गेला. दोघांनी जेवायच्या टेबलाच्या बाजू बदलल्या. काकू उजवीकडे बसू लागल्या. काही दिवसांनी त्या उजवीकडून बोलल्या तरी "काय म्हणालीस?" येऊ लागलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी यंत्र लावलं, शिट्ट्या वाजवल्या, कागदावरची उतरती रेघ पाहिली.

"डावा गेलेला आहे. उजवा वाटेवर आहे."

"परत येईल?"

"कान परत येत नसतात हो. आहे तो सांभाळायचा. हा हंगाम संपतोय तो संपू दे, पण पुढचाही तुमच्या त्या दणक्यांत काढलात, तर घरात कोण काय बोलतंय ते कळायचं बंद होईल."

हे वाक्य ऐकवल्यावर विवाहित पुरुष चेहरा दुःखी ठेवायचा प्रयत्न करतात, असा डॉक्टरांचा अनुभव होता. या माणसाचा चेहरा मात्र खरोखरच पडला. डॉक्टरांना नवल वाटलं. त्यांना जेवणाच्या ताटाशी येणारं आभाळ माहीत नव्हतं.

"सोडा ते काम," काकू रस्त्यात म्हणाल्या.

"सोडून करू काय?"

"बाकं रंगवा."

"परवाना माझ्या नावावर आहे. लाल बटणावर माझाच हात लागतो कायद्याने. मी गेलो तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"बाकीचे बघतील. तुम्हाला सोडता येत नाही असं म्हणा की सरळ."

बत्तीकाकांनी चालण्याचा वेग वाढवला. बरेचदा ऐकू न येणं सोयीचंही असतं. पण हे त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं.

अशा वेळी पार्कात हवाबाई आल्या. हे नाव बत्तीकाकांच्या हाताखालच्या लंबूने ठेवलेलं. लंबू दारापेक्षा उंच होता आणि त्याची जीभ त्याच्याहून लांब. खरं तर त्या अभियंता होत्या आणि नवं उडवण्याचं तंत्र घेऊन आल्या होत्या. गोळ्याखाली दारू घालायचीच नाही. दाबून भरलेल्या हवेने त्याला वर फेकायचं. गोळ्याच्या पोटात नखाएवढी चिप, ती सांगेल तेव्हाच गोळा फुलणार. खाली धूर नाही, आग नाही, दणका नाही. तळ्यापलीकडे राहणाऱ्या लोकांनी धुरापायी आणि दणक्यापायी पार्कच्या साहेबांचा जीव नकोसा केला होता, म्हणून साहेबांनी बाईंना बोलावलं होतं. साहेबांचा स्वतःचा अशा कशावर विश्वास नव्हता. तक्रारीला उत्तर म्हणून काहीतरी सुरू आहे असं दाखवता येतं, यावर होता.

टाक्या, नळ्या, झडपा होडीतून बेटावर उतरू लागल्या तसा लंबूला सूर सापडला.

"काका, सायकलचा पंप आलाय. आता आपण चाकं भरायची."

"बाई, पंक्चरही काढता का?" दुसरा कोणीतरी म्हणाला.

"काढते," हवाबाई टाकीचा पाना फिरवता फिरवता म्हणाल्या. "आधी कोणाचं काढू?"

बत्तीकाकांना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. दुपारी बाईंनी एका नव्या नळीत लाकडी गोळा घातला आणि सगळ्यांना मागे केलं. बत्तीकाकांनी सवयीने तोंड उघडलं, हनुवटी छातीला लावली. 'फुस्स' झालं. म्हणजे लंबू म्हणाला की झालं. काकांना तेवढंही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने लाकडी गोळा पाण्यात पडल्याचा 'डुबुक' आला.

"एवढंच?" लंबू म्हणाला. "माझ्या आजोबांनी खोकला तरी याहून मोठा काढला असता."

बत्तीकाका उठून नळीपाशी गेले. हात पुढे केला, मागे घेतला. उडवलेल्या नळीला हात लावायचा नसतो. त्यांच्या उजव्या तळव्यावर लग्नाच्या आदल्या हंगामातला भाजल्याचा डाग होता. मग त्यांनी दोन बोटं टेकवली. नळी गार होती. पहाटेच्या नळाच्या तोटीसारखी गार. त्यांनी सगळा तळवा टेकवला आणि तसेच उभे राहिले. माणसं हसली, मग हसायची थांबली.

"काका," मागून हवाबाईंचा आवाज आला, मग त्या थांबल्या, वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "काका, एक विचारू?"

कोणीही न सांगता बाजू बदलून उभं राहणारं माणूस त्यांना घराबाहेर पहिल्यांदाच भेटलं होतं. त्या क्षणापासून हवाबाईंविरुद्ध बेटावर एक शब्द त्यांनी खपवून घेतला नाही. लंबूला पंपाचा विषय बदलून झडपांवर यावं लागलं.

चाचणीची संध्याकाळ आली. साहेब काठावर खुर्ची टाकून बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जमलं तर पुढचा हंगाम हवेवर. नाही जमलं तर नेहमीची काळी दारू मागवायची. बत्तीकाकांना याचा अर्थ साहेबांपेक्षा जास्त कळत होता. काळी दारू आली की उजवा कान गेला. त्यांनी नळ्या तीनतीनदा तपासल्या, जागेवर बसले, लाल बटणावर हात ठेवला. हे बटण सगळं थांबवायचं.

हवाबाईंनी सुरुवात केली. संगणकावर हिरवा दिवा लागला. बत्तीकाका नळीकडे बघत होते. पायात काही आलं नाही. छातीत काही आलं नाही.

"रुसला!" ते कडाडले आणि लाल बटण दाबलं.

सगळी माणसं आडवी झाली. अर्धा जन्म मुरलेली सवय ती, तिला नवं तंत्र कसं कळावं? त्याच क्षणी त्यांच्या वाकलेल्या डोक्यावर, त्यांना न दिसणाऱ्या आभाळात, एक भलामोठा तांबडा गोळा संथपणे फुलला आणि विझला. काठावरचे लोक पुढच्याची वाट बघत बसले. पुढचा आला नाही. बटण दाबलं की बराच वेळ कशालाही हात लावायचा नाही हा नियम बाईंच्या यंत्रातही होता, आणि तो त्यांनी जुन्या माणसांच्या शहाणपणाला मान देऊनच घातला होता. साहेब तो सगळा वेळ घड्याळाकडे बघत होते. उरलेला कार्यक्रम अंधाराने सादर केला.

"एका गोळ्याची आतषबाजी," साहेब म्हणाले. "आटोपशीर आहे."

हवाबाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. मी यंत्रातला आवाज काढून टाकला, पण त्या आवाजावर कोण काम करतंय हे विचारलं नाही. एक आठवडा द्या."

"एकच देतो. मग मी दारू मागवतो."

बत्तीकाका होडीत खाली मान घालून बसले होते. आपली चूक दुसऱ्याने इतक्या सहज उचलून स्वतःच्या खिशात टाकावी, याची त्यांना सवय नव्हती. "बाई," ते एवढंच म्हणाले.

उपाय लंबूला लगेच सुचला. गोळ्यागणिक एक रिकामं पिंप बडवायचं. "मी बडवतो, काका. ढप्प तो ढप्प." काकांना क्षणभर ते इतकं आवडलं की आपला कान ज्यामुळे गेला तेच आपण परत मागतोय, हेही ध्यानात आलं नाही. हवाबाईंच्या आलं. त्या म्हणाल्या, "काका, आता खाली बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. आग नाही, ठिणगी नाही. गोळा गेला की नाही ते वरच कळणार. तुम्ही वर बघायचं."

"वर?"

"वर. न फुललेला गोळा कुठे पडतोय ते कोणीतरी बघायला हवंच. बेटावरून एकाने आणि काठावरून एकाने. बेटावरचे तुम्ही."

सोपं वाटतं ते. बत्तीकाकांनी घरी येऊन काकूंना सांगितलं तेव्हा त्याही म्हणाल्या, "त्यात काय!" दुसऱ्या दिवशी दुपारी कपडेपटामागच्या अंगणात त्यांनी नवऱ्याला उभं केलं आणि अस्वलाच्या हातमोज्यांचे गोळे करून वर फेकायला सुरुवात केली.

"बघा हं. गेला!"

बत्तीकाका काकूंच्या हाताकडे बघत होते.

"अहो, मी कुठे चाललेय? वर बघा."

दुसरा हातमोजा गेला. बत्तीकाकांची हनुवटी आपोआप छातीला टेकली आणि तोंड उघडलं. हातमोजा डोक्यावर येऊन पडला.

"तोंड कशाला उघडताय? झेलायचा नाहीये तो."

"सवय."

"डोळे उघडा, तोंड मिटा. माणसं बरोबर उलटं करतात, पण तुम्ही तरी..." त्यांनी तिसरा फेकला. परिणाम तोच. फेकण्याची हालचाल झाली की त्यांची मान खाली जायची. जणू कोणी मानेतला दोरा ओढतंय. आइसक्रीमवाला गाडी थांबवून हे बघत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काकू, अस्वल दमलं असेल."

असे दिवस गेले. हातमोजे संपले तेव्हा सशाचे कान आले. मान काही उठेना. काकू चिडल्या नाहीत, हे वाईट लक्षण होतं. शेवटच्या दुपारी त्या हातातलं सामान टाकून वरच्या मजल्यावर धुतलेले पोशाख वाळत घालायला निघून गेल्या. बत्तीकाका अंगणात मोजे गोळा करत राहिले. इतक्यात वरच्या गॅलरीतून त्यांनी हाक मारली, "अहो, ऐकलंत का?"

बत्तीकाकांनी लगेच वर पाहिलं. नीट, पूर्ण, मान मागे टाकून. एका कानाच्या माणसाला बोलणाऱ्याचं तोंड दिसावं लागतं.

काकूंच्या हातात परीराणीचा ओला झगा होता. त्यांनी एक हातमोजा गॅलरीतून वर उडवला आणि बोलत राहिल्या. "आता हा बघा, राखाडी, केसाळ, डाव्या बाजूला जरा झिजलेला, वर चाललाय, चाललाय, आता थांबला..." बत्तीकाकांची नजर हातमोज्याबरोबर वर गेली, थांबली आणि त्याच्याबरोबर खाली आली.

काकूंनी कठड्यावरून वाकून त्यांच्याकडे पाहिलं. मग काकू म्हणाल्या, "हात्तिच्या! मी सांगितलं की तुम्हाला दिसतं."

त्या तशाच, ओला झगा खांद्यावर टाकून, हवाबाईंकडे गेल्या. काठावरून बघणारं जे एक माणूस हवं होतं, ते अजून ठरायचं होतं. हवाबाईंनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, एकदा झग्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातात वॉकीटॉकी ठेवली. साहेबांनी विचारलं, "यांना अनुभव?" बाई म्हणाल्या, "पार्कात एवढी आतषबाजी पाहिलेलं दुसरं माणूस दाखवा." साहेबांनी पाहिली नव्हती, ते त्या वेळी नेहमी घड्याळाकडे बघत असत.

दुसऱ्या चाचणीला बत्तीकाकांच्या उजव्या कानाला वॉकीटॉकीचं कानात घालायचं बोंड लावलेलं होतं. हात लाल बटणावर. लंबू शेजारी बसला होता, पहिल्यांदाच काही न बोलता. हिरवा दिवा लागला. पायात काही आलं नाही. छातीत काही आलं नाही. बोटं बटणावर आवळली. घशात तो शब्द येऊन उभा राहिला.

"गेला," कानात काकू म्हणाल्या. "अहो, वर बघा."

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाने जे केलं असतं तेच बत्तीकाकांनी केलं. वर बघितलं.

तांबडा होता. आधी एक ठिपका, मग तो ठिपका सगळीकडे एकदम निघाला. "तांबडा," काकू सांगत होत्या, "कडेला जरा नारिंगी, गोट लावल्यासारखा." बत्तीकाका गोट शोधत होते. इतकी वर्षं त्यांच्या मनातलं आभाळ कापडाचं होतं, त्याला अस्तर होतं, झालर होती, टाके होते. या आभाळाला शिवण कुठेच नव्हती. ते नुसतंच उघडत होतं. ठिणग्या त्यांच्या तोंडावर येतात असं वाटून ते मागे सरले आणि वाळूच्या पोत्यावर बसले. पण मान खाली गेली नाही. हात बटणावरून हलला नाही, त्याची पकड मात्र सैल झाली.

"काका," लंबू कुजबुजला, "हे रोज असं असतं?"

तोही पहिल्यांदाच बघत होता. जमीन आपली म्हणणारे ते सगळेच पोत्यांना पाठ टेकून, तोंड उघडं टाकून वर बघत बसले होते. तोंड आता वेगळ्या कारणाने उघडं होतं.

जांभळे गेले. हिरवे एकामागून एक गेले, टाका न चुकता. मध्ये एक गोळा असा गेला की दिवा हिरवा लागला, एक काळा ठिपका वर चढताना ताऱ्यांवरून सरकला आणि तिथे काहीच झालं नाही.

"नाही फुलला," बत्तीकाका म्हणाले.

"नाही फुलला," कानात काकू म्हणाल्या, त्याच श्वासात.

"पाण्यात पडतोय. मोठ्या दिव्याच्या खांबासमोर. बाकीचं चालू द्या," बत्तीकाकांनी सांगितलं. हात बटणावर होता. त्यांनी ते दाबलं नाही. हवाबाईंनी खांबाची खूण करून घेतली आणि चालू दिलं. शेवटी सोनेरी आला, पार पाण्यापर्यंत उतरला, आणि तळ्यात दुसरा सोनेरी खालून त्याला भेटायला वर आला. हे काकूंनी कधी सांगितलं नव्हतं. पायऱ्यांवरून ते दिसत नसावं.

सगळं संपलं तेव्हा बेटावर धूर नव्हता. हवाबाई नळ्यांच्या झडपा बंद करत होत्या. बत्तीकाका त्यांच्यापाशी गेले, नळीवर तळवा टेकवला, ती गार होती, आणि म्हणाले, "बाई, माझे उस्ताद असते तर त्यांनी तुमच्यामागे परात आपटली असती."

हवाबाईंना हा आभाराचा प्रकार कळायला थोडा वेळ लागला. लंबूने समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मी दचकले असते हो."

"चालतंय," बत्तीकाका म्हणाले. "आता दचकणारी माणसं चालतात."

साहेबांनी काठावरून कळवलं की दारू मागवू नये. हे त्यांनी स्वतःच्या कल्पनेच्या यशासारखं कळवलं आणि कोणीही त्यांचा आनंद हिरावून घेतला नाही. बेटावरच्या सगळ्यांना त्या संध्याकाळी साहेबांबद्दलही कृतज्ञता वाटत होती. सांगायचं एवढ्यासाठी की असं पुन्हा घडलेलं नाही.

घरी काकूंनी ताटं मांडली आणि नेहमीसारख्या उजवीकडे बसल्या. बत्तीकाका जेवेनात. भिंतीकडे बघत होते, अजून थोडं वरच.

"मग?" काकू म्हणाल्या. "कसं होतं? आज तुम्ही सांगायचं. मी आजवर किती बोलले त्याला काही हिशेबच नाही."

बत्तीकाकांनी सांगायचा प्रयत्न केला. "तांबडा होता," ते म्हणाले. मग थांबले. "मोठा होता." मग पुन्हा थांबले. इतक्या वर्षांचं आभाळ जिने दोन घासांच्या मध्ये शब्दांत बसवून आणलं होतं, तिचं काम किती अवघड होतं ते त्यांना आत्ता कळत होतं.

"अगं," ते म्हणाले, "तू रोज आणून दिलंस. पायऱ्यांवर बसून. तापातसुद्धा."

"मग? तिथून फुकट दिसतं."

"तेच म्हणतो मी."

काकूंनी मान वळवून त्यांच्या ताटात वाढलं. गरजेपेक्षा थोडं जास्तच.

"तूच सांग," बत्तीकाका म्हणाले आणि उजवा कान त्यांच्याकडे करून बसले.

"अहो, स्वतः बघितलंत ना डोळ्यांनी!"

"बघितलं. ऐकायचं राहिलंय."

काकूंनी घास खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि पहिल्या तांबड्यापासून सुरुवात केली.